राहण्यासारखं शहर म्हणजे नेमकं काय? अंधेरीच्या गोखले पुलाची गोष्ट

जगातलं कोणतं शहर राहायला सगळ्यात चांगलं, याची यादी 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' दरवर्षी काढतं. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सुविधा असे त्याचे पाच निकष आहेत. २०२५ मध्ये कोपनहेगन पहिलं आलं. अंधेरीकरांचा निकष मात्र एकच असतो : पूर्वेकडून पश्चिमेला जायला किती वेळ लागणार?

कारण रेल्वेरुळांनी अंधेरीचे दोन तुकडे केलेत. ते जोडणारा गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ ला भर पावसात त्याचा पादचारी भाग थेट रुळांवर कोसळला. दोघांचा जीव गेला. पुढे पूल धोकादायक ठरला आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूर्ण बंद झाला.

मग जवळ उरला फक्त अंधेरी सबवे. तो सखल भागात, त्यात शेजारी मोगरा नाला. जोराचा पाऊस झाला की पाणी भरतं आणि सबवे बंद. अशा वेळी गाड्यांना विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, नाहीतर जोगेश्वरीचा उड्डाणपूल गाठावा लागायचा.

२६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. पण तो आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांची उंचीच जुळेना! रुळांवरची उंची रेल्वेच्या नव्या नियमांनुसार वाढवली होती, त्याला जोडलेला जुना पूल खालीच राहिला. मीम्स झाले नसते तरच नवल. शेवटी जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले. गोखले पूल पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

या अडीच वर्षांत चालत जाणाऱ्यांचा एक आधार टिकला, तो मेट्रोचा. २०१४ पासून धावणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो रुळांवरूनच पलीकडे जाते. एक रस्ता तुटला तरी दुसरा चालू राहणं, हा निकष खरंतर यादीत वरच असायला हवा. अर्थात रुग्णवाहिका आणि स्कूलबस मेट्रोत चढत नाहीत.

म्हणून सबवेचा प्रश्न मोठा. मुंबईतलं पावसाचं पाणी उपसण्यासाठी 'ब्रिमस्टोवॅड' योजनेत आठ पंपिंग स्टेशनं ठरली होती. त्यातली सहा आधी बांधून झाली. मागे राहिलेल्या दोनपैकी एक माहुलचं आणि दुसरं मोगरा नाल्याचं.