साच्यांतून उमटलेलें अक्षर

रांगोळी काढतांना पत्र्याचा भोकें पाडलेला छाप जमिनीवर ठेवून त्यावरून पूड पसरतात, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. धान्याच्या गोणीवरील व्यापाऱ्याचा मार्काही पुष्कळदां याच रीतीनें उमटतो. जें अक्षर हवें तें कागदांतून कापून काढावयाचें, उरलेला कागद झांकण म्हणून ठेवावयाचा आणि मोकळ्या जागेंतून रंग खालीं जाऊं द्यावयाचा, एवढेंच या युक्तीचें सूत्र. इंग्रजींत हिला स्टेन्सिल म्हणतात. आपण कापीव साचा म्हणूं. टी-शर्टवर आपल्या मंडळाचें नांव अल्प खर्चांत रंगवावें म्हणून तरुण मंडळी घरीं जो साचा कापतात, त्याची वंशावळ मोठी आहे. तीच आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

मनुष्याचा पहिला साचा म्हणजे त्याचा स्वतःचा हात. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावरील एका गुहेंत भिंतीवर पंजा टेकून त्याभोंवतीं रंग फुंकरलेला आहे. हा ठसा कमींत कमी ३९,९०० वर्षांपूर्वींचा असल्याचें संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. लेखनकला जन्मण्यापूर्वीं कितीएक सहस्रकें मनुष्यानें आपली खूण अशा रीतीनें ठेवली होती.

पुढें अक्षरें आलीं, तेव्हां हीच युक्ति त्यांच्या कामीं आली. कॉन्स्टॅन्टिनोपलचा सम्राट जस्टिन यानें ५१८ ते ५२७ पर्यंत राज्य केलें. त्याला लिहितां येत नव्हतें, असें इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. अधिकाऱ्यांनीं लांकडाच्या एका पट्टींत चार अक्षरें कोरून घेतलीं. पट्टी दस्तऐवजावर ठेवावयाची, सम्राटाच्या हातीं शाईंत बुडविलेली लेखणी द्यावयाची आणि त्याचा हात धरून ती कोरलेल्या वळणांतून फिरवावयाची. प्रोकोपियस या राजघराण्यावर रुष्ट होता, हें ध्यानीं ठेवूनच ही हकीकत वाचावी. तथापि ज्याला लिहितां येत नाहीं त्यालाही साचा अक्षर देतो, हें तिच्यावरून उत्तम कळतें.

आतां या विद्येंतील मुख्य अडचण पाहूं. इंग्रजी 'ओ' कापूं गेल्यास मधला गोल सुटून खालीं पडतो आणि अक्षराऐवजीं केवळ भोंक उरतें. म्हणून मधलें बेट भोंवतालच्या कागदाशीं जोडणारी एक बारीक पट्टी न कापतां ठेवावी लागते. तिला आपण दुवा म्हणूं. साच्याच्या अक्षरांत मधूनमधून ज्या फटी दिसतात, त्या या दुव्यांच्याच खुणा होत. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८१ सालीं पॅरिसमध्यें बेरी नांवाच्या कारागिराकडून पितळी अक्षरसाच्यांचा एक संच घेतला होता. तो आजही फिलाडेल्फिया येथें जतन केलेला आहे.

जपानी कारागिरांनीं या अडचणीवर निराळा तोडगा काढला. कापड रंगविण्याचे त्यांचे साचे कातागामी या नांवानें ओळखले जातात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचे कागद एकावर एक ठेवून ते कच्च्या तेंदूफळाच्या रसानें चिकटवीत. त्यामुळें कागद चिवट होई आणि पाण्यांत टिके. नाजूक नक्षीचीं बेटें सुटूं नयेत म्हणून दोन थरांमध्यें रेशमाचे तंतु ताणून बसवीत. रेशमाच्या जाळीवर साचा बसवून छापण्याचें पेटंट १९०७ सालीं मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनीं घेतलें. जाळीनें बेट धरून ठेविलें कीं दुव्याची गरजच उरत नाहीं.

वस्त्रावरील अक्षरांचा एक करुण अध्याय अमेरिकेंतील यादवी युद्धाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळांत सैनिकांना सरकारकडून ओळखीचा बिल्ला मिळत नसे. आपण पडलों तर आपली ओळख कोण पटविणार, ही चिंता प्रत्येकाला होती. पुष्कळांनीं आपलें नांव, कंपनी आणि पलटण कोरलेले लहान पितळी साचे पदरचे पैसे देऊन करवून घेतले व कपड्यांवर, कांबळ्यांवर आणि पाठीवरच्या पिशव्यांवर नांव उमटविलें. असें असूनही त्या युद्धांतील सहस्रावधि थडग्यांवर नांव नाहीं.

टी-शर्ट प्रथम आंतून घालावयाचें वस्त्र होतें. अमेरिकेच्या आरमारानें १९१३ च्या सुमारास तें आपल्या पोशाखांत घेतलें. पुढें छातीवरील अक्षरांनीं त्याला बाहेरच्या वस्त्राची प्रतिष्ठा दिली. 'लाइफ' साप्ताहिकाच्या १३ जुलै १९४२ च्या मुखपृष्ठावर विमानदळाच्या तोफखाना-शाळेचें नांव असलेला टी-शर्ट झळकला. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकींत डयुई या उमेदवाराच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. उमेदवार पडला, प्रथा मात्र टिकली.

आतां घरच्या कृतीविषयीं दोन शब्द. मेण लावलेला जाड कागद किंवा एक्स-रेची जुनी फिल्म साच्यास चांगली. देवनागरींत 'व' आणि 'ब' यांचे पोट बंद असतें. 'प' आणि 'म' हीं अक्षरें शिरोरेखा देतांच बंद होतात. 'व'च्या पोटाला बाजूनें दुवा ठेवावा. 'प'साठीं शिरोरेषेंतच एक फट सोडावी. सबंध शब्दावर अखंड शिरोरेखा कापल्यास दोन अक्षरांमधील कागदाची जीभ वर लोंबकळते आणि रंग खालीं शिरतो. म्हणून ती तुकड्यांनीं कापणें बरें. कापड आधीं धुऊन खळ घालवावी, टी-शर्टच्या आंत पुठ्ठा सरकवावा आणि घट्ट रंग स्पंजानें वरून टिपावा. कुंचला आडवा ओढूं नये. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनें इस्त्री फिरवावी.

आपल्या मुलांनीं कापलेल्या अक्षरांत फटी दिसल्या, तर तें काम ओबडधोबड झालें असें समजूं नये. त्या फटींच्या आधारावरच अक्षर उभें असतें. ज्यांना छापखाना परवडत नव्हता आणि ज्यांना लेखणी धरतां येत नव्हती, त्यांचीं नांवें या बारीक दुव्यांनींच शतकानुशतकें सांभाळलीं आहेत.