कुलाब्याची चुंबकसूची आणि मढच्या मातीतील रोपे

मालाडच्या पश्चिमेला, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या मढच्या भूमीवर नारळ, ताड आणि खारफुटी शतकानुशतके वाढत आली आहे, आणि ती ज्या चुंबकीय क्षेत्रात वाढते त्याचा लिखित इतिहास मढपासून दक्षिणेला सुमारे 25 किलोमीटरवरील कुलाबा वेधशाळेत सुरू झाला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची या किनाऱ्यावरील तीव्रता सुमारे 43 मायक्रोटेस्ला असून, चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे येथे क्षेत्राची दिशा क्षितिजाखाली पंचविसाहून थोड्याच अधिक अंशांनी कलते. मढच्या कोळ्यांच्या होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून फारशी ढळत नाही, तेही याच क्षेत्राचे स्थानिक वैशिष्ट्य होय.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी नियमितपणे होऊ लागल्या. गाउस आणि वेबर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत धाग्याला टांगलेल्या चुंबकावर आरसा बसवलेला असे आणि त्यातील मोजपट्टीचे प्रतिबिंब निरीक्षक दुर्बिणीतून वाचत असे. चुंबक अगदी किंचित फिरला तरी प्रतिबिंबातले अंक सरकत, म्हणून निरीक्षकाजवळ लोखंडाची वस्तू असणेही घातक ठरे. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे उद्भवलेल्या वादळात क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरला, आणि कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेली ही घसरण आजही जगभरातील अभ्यासकांच्या उपयोगी पडते. भारतीय विज्ञानेतिहासात या निरीक्षकांना मिळालेली जागा त्यांच्या कामाच्या मानाने फारच लहान आहे.

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, हे स्पष्ट झाल्यावर रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाने नोंदी बिघडतील, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत ओळखले गेले आणि 1904 मध्ये अलिबागला चुंबकीय गुणधर्म नसलेल्या साहित्याची नवी वेधशाळा उभारण्यात आली. जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळावा म्हणून दोन्ही ठिकाणी 1906 पर्यंत एकाच वेळी निरीक्षणे चालली. विजेची ट्राम प्रत्यक्षात 1907 मध्ये धावली, तर बोरिवलीपर्यंतची लोकल 1928 मध्ये एकदिश प्रवाहावर, म्हणजे दिशा न बदलणाऱ्या विजेवर, धावू लागली आणि मढजवळच्या उपनगरांतही नोंदी बिघडवणारा तोच विद्युत व्यत्यय पोचला.

चुंबकीय क्षेत्राचा वनस्पतींवर परिणाम होतो का, या प्रश्नाला मोजणीतील ही दक्षता थेट लागू पडते, कारण या विषयात नैसर्गिक क्षेत्र आणि प्रयोगशाळेतले प्रबळ चुंबक यांची नेहमी गल्लत होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील अनंता वशिष्ठ आणि शांता नागराजन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरभऱ्याचे बियाणे 250 मिलिटेस्लांपर्यंतच्या क्षेत्रात 1 ते 4 तास ठेवले आणि काही मात्रांना उगवण व रोपांची वाढ सुधारलेली आढळली. परंतु 100 मिलिटेस्ला म्हणजे मढच्या नैसर्गिक क्षेत्राच्या दोन हजारपटींहून अधिक, म्हणून या निष्कर्षावरून भूचुंबकत्वाविषयी काही ठरवता येत नाही. त्याचप्रमाणे कुझनेत्सोव्ह आणि हासेनस्टाइन यांनी 1996 मध्ये मुळांतील पिष्टकण, म्हणजे मुळाला खालची दिशा कळवणारे स्टार्चचे कण, चुंबकाने सरकवून मूळ वळवले, तेव्हाही त्यांना अतिशय तीव्र आणि अगदी थोड्या अंतरात झपाट्याने बदलणारे क्षेत्र वापरावे लागले.

फुलोऱ्याविषयीचा पुरावा मात्र वेगळ्या दिशेने आला. निळा प्रकाश ओळखणारे क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन वनस्पतीच्या वाढीवर आणि फुलण्याच्या वेळेवर नियंत्रण ठेवते, आणि प्रकाश पडल्यावर त्यात तयार होणाऱ्या एकेकट्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची अवस्था क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही बदलू शकते, असे मानले जाते. चिनी संशोधकांनी 2012 मध्ये, तर तुरिन येथील गटाने 2018 मध्ये, मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहान रोपाभोवतीचे पृथ्वीचे क्षेत्र विद्युतवेटोळ्यांनी जवळजवळ नाहीसे केले, तेव्हा फुलोरा लांबला. याउलट, तीव्र क्षेत्रामुळे क्रिप्टोक्रोमचा प्रतिसाद वाढतो, हा 2007 चा दावा 2009 मध्ये दुसऱ्या गटाला पुन्हा सिद्ध करता आला नाही, त्यामुळे या क्षेत्रात एका प्रयोगावर विसंबणे धोक्याचे ठरते.

मढच्या भातावर किंवा भाजीच्या रोपांवर असा प्रयोग करायचा झाल्यास प्रथम भोवतीचे क्षेत्र दिवसभर मोजावे लागेल, कारण सूर्याच्या प्रभावाने ते रोज काही डझन नॅनोटेस्लांनी हलते, शिवाय शहरातील विजेचे प्रवाह त्यात भर घालतात. नैसर्गिक हालचाल कोणती आणि शहराने आणलेली कोणती, हे वेगळे करण्यासाठी तुलनेला लागणारी मालिका सुमारे 55 किलोमीटर दक्षिणेला अलिबाग येथे आजही नोंदवली जाते आणि 1971 मध्ये स्थापन झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते.