सी ड्राइव्ह रिकामा करण्यापूर्वी

घरच्या संगणकावरची जुनी प्रणाली काढून नवी टाकायची, याला आमच्या सांगली-मिरज भागात सगळेच ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. विंडोज ९८च्या दिवसांत मी हे काम शिकलो आणि पोटापाण्याचं साधन म्हणून घरोघर फिरून करत राहिलो. ही सवय आपल्या घरांत कशी रुजली आणि तिच्यापायी किती मराठी मजकूर मुका झाला, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं मला फार दिवस वाटत होतं.

२००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाच्या वर्गांमुळे तालुक्याच्या गावातल्या माणसाचाही हात माउसवर बसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आली. पाठोपाठ घरांत असेंबल्ड मशीन येऊ लागली. सुटे भाग पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे, विंडोज मात्र बहुतेक ठिकाणी परवान्याशिवायची असायची. अपडेट बंद, पेनड्राइव्ह दहा घरांत फिरलेला, त्यामुळे व्हायरस ठरलेलाच. मशीन रडतखडत चालू लागलं की फोन यायचा : ‘एकदा फॉरमॅट मारून जा.’ वारंवार फॉरमॅट लागण्याचं मूळ माझ्या मते या फुकटच्या सीडीतच होतं. सीडी घातली की पडद्यावर ३९ मिनिटं उरल्याचं दिसायचं, आणि तेवढ्यात घरच्यांचा चहा व्हायचा.

डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडण्याची पद्धत यातूनच आली. सी विंडोजचा, डी घरच्यांचा. सी पुसला तरी लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट डीमध्ये शाबूत. कल्पना उत्तमच होती; पण एक्सपीमध्ये डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही सीवरच असतात, हे कितीजणांना ठाऊक होतं? आउटलुक एक्सप्रेसची टपाल तर सीवरच्या लपवलेल्या फोल्डरात खोल दडलेली असे. मशीन चालू असताना समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट डीमध्येच आहे, असं घरचे धरून चालत. म्हणून पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला शेजारी बसवून ‘तुझं काय काय आहे, दाखव’ असं विचारणं हाच या कामाचा गाभा. नवी प्रणाली टाकायला सीडी पुरते. विचारायला माणूसच लागतो.

तरीही एक गोष्ट विचारूनसुद्धा निसटायची. फॉन्ट.

त्या काळचं मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, किरण, शिवाजी अशा फॉन्टांवर चाले. यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची वळणं बसवलेली असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फाइलमध्ये साठायचे ते इंग्रजी अक्षरांचे संकेतांकच, मराठी दिसायची ती फॉन्टच्या कृपेने. हा फॉन्ट राहायचा सीवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात. सी पुसल्यावर डीमधली फाइल उघडायची, आकारही तेवढाच दिसायचा, पण पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा पसारा. निवृत्त शिक्षकांची आत्मचरित्रं, मंडळांच्या स्मरणिका, भिशीचे हिशेब, कुणाच्या आईने सांगितलेल्या ओव्या, सगळं असं झालेलं मी पाहिलंय. एखादे सर थरथरत्या आवाजात विचारत, ‘पुसलं गेलं का रे?’ ‘नाही सर, शब्दच्या शब्द आत आहे. फॉन्ट कुठला होता, तेवढं आठवा.’ नाव आठवत नसेल तर त्यांनी ज्या डीटीपीवाल्याकडून तो आणला, त्याला गाठायचं. काही पॅकेजांना मशीनच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉकही असे. त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकल्याशिवाय पुढे काही चालत नसे.

युनिकोडने हा जाच संपवला, पण सावकाश. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्ये मात्र ताजी विंडोज टाकली की ती बंदच असे. कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण करायची, मग विंडोज सीडी मागायची. ही खूण न करता उठणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही. त्या घरातल्या पोराला मराठी वेबसाइटवर वेलांट्या भलतीकडे पडलेल्या दिसत आणि त्याला वाटे, संगणकावर मराठी अशीच असते.

लिनक्स काढण्याचं काम वेगळं. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत, २००५ नंतर उबुंटूच्या सीडी टपालाने घरपोच फुकट मिळू लागल्या. इंजिनिअरिंगची मुलं त्या उत्साहाने टाकत आणि जागा कमी पडली की विंडोजमधूनच ते पार्टिशन उडवून देत. दुसऱ्या दिवशी मशीन ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दाखवून थांबलेलं. कारण १९८३च्या रचनेत आहे. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली, तेव्हापासून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम आणि चार पार्टिशनांची यादी राहते. प्रोग्रामला जागा ४४६ बाइट, यादीला ६४. एवढ्याशा जागेत ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, मावत नाही. त्याचा पुढचा भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो. ते उडवलं की पहिला तुकडा दुसऱ्याला शोधत बसतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी तो पहिला सेक्टर, म्हणजे ते ५१२ बाइट, विंडोजच्या हवाली करायचा, मग पार्टिशन पुसायचं. ९८मध्ये त्यासाठी ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा होती, एक्सपीच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘फिक्सएमबीआर’, व्हिस्टापासून ‘बूटरेक’. ग्रबच्या आधीचा लिलो तर जुन्या सेक्टरची नक्कल स्वतःच जपून ठेवत असे. पण ती लिनक्सच्याच बूट फोल्डरात, त्यामुळे लिनक्स असेपर्यंतच उपयोगाची.

मशीन विकायला काढणाऱ्यांना एक सांगत आलोय. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी कोरी करतो, मजकूर तसाच राहतो. एक्सपीचा पूर्ण फॉरमॅटही डिस्क नुसती तपासायचा. शून्यं लिहून खरोखर पुसणं व्हिस्टापासून सुरू झालं.

आता पहिल्या सेक्टरची जागा ईएफआय पार्टिशनने घेतली आहे. प्रत्येक प्रणालीचं त्यात आपापलं फोल्डर असतं, लिनक्स काढलं तरी उबुंटू नावाचं फोल्डर आणि बूट यादीतली नोंद मागे राहते, ती हाताने काढावी लागते. विंडोज १० नवी टाकताना जुनीला विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात ठेवते आणि दहा दिवसांनी स्वतःच पुसते. ‘आठवडाभर वापरून बघू’ म्हणणाऱ्यांना ही मुदत मी कागदावर लिहून देतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार थांबला. विंडोज ११च्या अटीत न बसणारी धडधाकट मशीन आता माझ्याकडे लिनक्ससाठी येतात. सी रिकामा करण्याआधी मी फॉन्ट्स फोल्डर उघडतो, किरण किंवा शिवाजी सापडला तर उचलून ठेवतो. साधा ट्रूटाइप फॉन्ट लिनक्सवरही बसतो, आणि वीस वर्षांपूर्वीची ती स्मरणिका लिब्रेऑफिसमध्ये पुन्हा वाचता येते.