तीन हेरांची साक्ष

परवा सुटीत नातू आमच्याकडे बोदलकशाला आला होता. दिवसभर तलावाच्या पाळीवर भटकायचं आणि रात्री ओसरीत लॅपटॉप उघडून बसायचं, हा त्याचा कार्यक्रम. एका रात्री त्याने सगळ्यांना एक इंग्रजी सिनेमा दाखवला. नाव 'जॉनी इंग्लिश रीबॉर्न'. शेजारची पाच-सहा पोरं जमली, दोन-तीन बायाही आल्या. मी आपला खुर्चीत.

"हा दुसरा भाग आहे आबा, पण पहिला पाहिला नसला तरी चालेल," नातू म्हणाला.

नायक रोवन अ‍ॅटकिन्सन, म्हणजे आपला मिस्टर बीन. त्यामुळे भाषेची अडचण आलीच नाही. पोरं पोट धरधरून हसली. एका प्रसंगात मोठ्या साहेबांची गंभीर बैठक चालू असते आणि या पठ्ठ्याची खुर्ची आपोआप वरखाली होत राहते. चेहरा मात्र तसाच गंभीर! तो प्रसंग पोरांनी पुन्हा लावायला लावला. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र नाटकं चालतात, तिथे विनोदी नटाला जशी दाद मिळते, अगदी तशीच.

मास्तरकीची खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी या सिनेमाचा मागचा-पुढचा इतिहास पाहिला. हा वेंधळा हेर मुळात जाहिरातीत जन्मला. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या बार्कलेकार्डच्या जाहिरातींत अ‍ॅटकिन्सन असाच एक फजिती करून घेणारा गुप्तहेर करत असे. त्यातून २००३ मध्ये पहिला सिनेमा आला, २०११ मध्ये आपण पाहिला तो दुसरा आणि २०१८ मध्ये तिसरा.

लोकांचं मत काय पडलं, हे पाहायला गेलो आणि गंमत वाटली. बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. तेच ते विनोद, बाँडपटांची तीच ती नक्कल, असा एकूण सूर. उलट गल्ला पाहावा, तर तिन्ही सिनेमांनी जगभरातून प्रत्येकी सुमारे १६ कोटी डॉलर मिळवले. त्यातही अमेरिकेकडचा वाटा पहिल्या वेळी २ कोटी ८० लाखांच्या आसपास होता, दुसऱ्या वेळी ८० लाखांच्या आसपास आला आणि तिसऱ्या वेळी ५० लाखांच्याही खाली गेला. म्हणजे अमेरिकेने पाठ फिरवली तरी उरलेल्या जगाने त्या वेंधळ्याला सोडलं नाही. आणि तिसरं मत आमच्या ओसरीतलं. आता खरं कुणाचं मानायचं?

इथे मला कौटिल्य आठवला. त्याचं 'अर्थशास्त्र' कित्येक शतकं नुसतं नावाने माहीत होतं. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनी हस्तलिखितावरून १९०९ मध्ये ते छापलं, तेव्हा ते पुन्हा लोकांसमोर आलं. त्यात हेरांचे प्रकार किती सांगितलेत! विद्यार्थ्याच्या सोंगातला, शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, तपस्व्याच्या सोंगातला, भिक्षुणीसुद्धा. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा एक साधा नियम. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली, तरच ती खरी धरावी. ज्यांची बातमी वारंवार चुकते, त्यांना गुपचूप शिक्षा करावी किंवा कामावरून दूर करावं, असंही त्याने पुढे सांगितलं आहे. एवढा कठोर माणूस, राजासाठी विषप्रयोगाच्या युक्त्या सांगणारा, पण एकट्या माणसाच्या कानगोष्टीवर विसंबायला तयार नाही.

जॉनी इंग्लिशची सगळी गंमत हा नियम मोडण्यात आहे. त्याला दुसऱ्या साक्षीची गरजच वाटत नाही. त्याची स्वतःबद्दलची खात्री पुरेशी असते. सफाईवाल्या बाईच्या वेशात एक म्हातारी मारेकरी त्याच्या मागावर असते. तीच समजून तो आपल्या वरिष्ठ बाईंच्या आईला झोडपतो आणि शेवटी तर प्रत्यक्ष राणीलाच! तरी कुणाचं काही कायमचं बिघडत नाही. पोरं हसून लोळत होती.

आपल्याकडचा हेर म्हटला की बहिर्जी नाईक. बहुरूप्यासारखी सोंगं घ्यायचे, असं लोक सांगतात. कागदोपत्री मात्र त्यांच्याबद्दल फार थोडं हाती लागतं. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर मोगली फौजांनी गाठलं, तेव्हा त्यांनी महाराजांना आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. त्या गडाला पुढे विश्रामगड म्हणू लागले. एवढा मोठा हेर, आणि बखरीत मोजक्या ओळी. हेराचं काम चोख झालं की मागे फारसं काही उरत नाही. चुकणाऱ्या हेराचे तीन-तीन सिनेमे निघतात!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण त्या रात्री ओसरीत एक बाई हसत नव्हती. आमच्याच गल्लीत सून म्हणून आलेली, माहेर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं. म्हातारीला मार बसतो तो प्रसंग आला आणि ती उठून पाणी प्यायला म्हणून आत गेली. बराच वेळ आलीच नाही. तिच्या माहेरच्या नात्यातला एक माणूस 'खबरी' ठरला होता, हे मला माहीत होतं.

हा शब्द आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला नुसता शब्द वाटेल. गडचिरोली आणि आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलात कित्येक वर्षं या शब्दाची किंमत जिवाने मोजली गेली. पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी साधी गावकरी माणसं मारली. दुसरीकडे, रात्री आलेल्यांना भाकर दिली म्हणून पोलिसांच्या चौकशीची टांगती तलवार. भाकर तरी कोण हौसेने देतो? बंदूक दारात उभी असते.

मी स्वतः त्या पट्ट्यातल्या एका शाळेत काही वर्षं होतो. गावात वर्तमानपत्र माझ्याकडेच यायचं, लोकांची पत्रं आणि अर्ज मीच लिहून द्यायचो. एका संध्याकाळी एक ओळखीचा म्हातारा हळूच म्हणाला, "गुरुजी, थोडे दिवस लिहिणं बंद ठेवा. तुम्ही काय लिहिता, असं कोणीतरी विचारत होतं." कोण विचारत होतं, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन महिने मी कुणाचा साधा निराधार योजनेचा अर्जही लिहिला नाही. एका विधवेचा अर्ज त्यात राहून गेला. तिने मला कधी बोल लावला नाही, पण मला तो आजही आठवतो.

माझ्याबद्दल कुणी काय सांगितलं असेल? आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या कुणाला विचारलं असेल का? मी वाचलो म्हणून आज हे लिहितो आहे. ज्यांच्याबाबतीत कुणी दुसऱ्याला विचारलंच नाही, त्यांची माणसं सिनेमा अर्ध्यावर सोडून पाणी प्यायला जातात.

तर सिनेमाबद्दल माझं मत? चांगला आहे. पोरांचं हसणं खोटं नव्हतं आणि ते मला हवंच आहे. आता ती जुनी भीती ओसरत चालली आहे. या पोरांना खुर्चीवर वरखाली होणारा हेरच आधी आठवावा, असं मला मनापासून वाटतं. समीक्षकांचं बरोबर, गल्ल्याचं बरोबर, आमच्या ओसरीचंही बरोबर. फक्त आत गेलेल्या त्या बाईचं मत कुठल्याच आकड्यात धरलेलं नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवलं.

नातू जाताना म्हणाला, "पुढच्या सुटीत तिसरा भाग आणतो." मी म्हटलं, आण. आधी त्या काकूंना विचारून मग लावू.