सादरीकरणासाठी प्रोजेक्टर निवडताना

मनमाड-नांदेड लोहमार्गावरील पूर्णा जंक्शन येथून अकोल्याकडे जाणारा फाटा निघतो. परभणी जिल्ह्यातील अशा तालुक्याच्या गावी व्यावसायिक सादरीकरणासाठी अंधारी, वातानुकूलित सभागृहे सहसा नसतात. मंगल कार्यालय किंवा शाळेचा वर्ग मिळतो, खिडक्यांना पडदे नसतात आणि वेळ भर दुपारची असते. पडद्यावरील दर व हप्त्यांचे आकडे मागच्या रांगेला वाचता आले नाहीत, तर व्यवहाराची बोलणी तिथेच अडतात.

म्हणूनच किमतीआधी प्रकाशमान पाहावे. ते ल्युमेनमध्ये मोजतात. दिवे चालू असलेल्या, तीस-चाळीस जणांच्या खोलीस ३००० ते ४००० ल्युमेन पुरतात. उघड्या खिडक्यांच्या दालनात ५००० ल्युमेनही जेमतेमच ठरतात. मात्र हा आकडा 'एएनएसआय' अथवा 'आयएसओ २१११८' या मानकानुसार मोजलेला असावा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर छापलेले नुसते 'ल्युमेन' बहुधा फुगवलेले असतात. चित्र सहा फुटांऐवजी आठ फूट रुंद केले, की तोच प्रकाश जवळपास पावणेदोनपट क्षेत्रावर पसरतो व चित्र फिके पडते. पडदा मोठा करण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

दुसरी फसगत रिझोल्यूशनची. '१०८० पी सपोर्टेड' याचा अर्थ यंत्र तसा संकेत स्वीकारते एवढाच. प्रत्यक्ष चित्र त्याहून कमी बिंदूंचे असू शकते. मूळ, म्हणजे 'नेटिव्ह' रिझोल्यूशन विचारावे. मजकूर व आलेखांना १२८० बाय ८०० चालते. बारीक तक्त्यांसाठी १९२० बाय १०८० घ्यावे.

तंत्रे मुख्यतः दोन आहेत. तीन एलसीडी पट्टिकांच्या यंत्रात रंगीत आलेख उजळ दिसतात. सूक्ष्म आरशांवर चालणाऱ्या डीएलपी यंत्रात काळा रंग सहसा अधिक गडद येतो. परंतु एकाच चिपच्या अनेक यंत्रांत रंगांचा उजेड पांढऱ्यापेक्षा कमी असतो.

जागेचे गणित सोपे आहे. 'थ्रो रेशो' १.५ असल्यास आठ फूट रुंद चित्रासाठी यंत्र बारा फुटांवर ठेवावे लागते. खोली लहान असल्यास 'शॉर्ट थ्रो' यंत्र बरे.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, धूळही असते. दिव्याच्या यंत्राचा पंखा बंद केल्यानंतरही काही काळ चालून दिवा थंड करतो. वीज अचानक गेली, की हा पंखाही थांबतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. अशा ठिकाणी यूपीएस हवाच, आणि जाळी नियमित साफ करावी. दिवा साधारण ३००० ते ५००० तास चालतो, लेझर स्रोत सुमारे २०,००० तास. वर्षातून चार-सहाच सभा असतील, तर लेझरचा जादा खर्च वसूल होणे कठीण. यंत्र भाड्याने आणणेही परवडते. रेल्वेने फिरणाऱ्या विक्रेत्याने मात्र तीन किलोच्या आतले यंत्रच पाहावे.

खरेदीपूर्वी दुकानातील दिवे लावून, स्वतःच्याच लॅपटॉपवरील तक्ता दाखवण्यास सांगावे.