पुसता न येणारा पट्टा

१२ जून १९६४ रोजी प्रिटोरियाच्या पॅलेस ऑफ जस्टिसमध्ये न्यायमूर्ती क्वार्टस डी वेट यांनी नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांना जन्मठेप सुनावली. सगळ्यांना धास्ती फाशीची होती. पण न्यायमूर्ती इतक्या हळू बोलले, की मागे बसलेल्या नातलगांना काही कळलंच नाही. डेनिस गोल्डबर्ग यांच्या आईने तिथूनच काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा जीव वाचल्याचं मुलाने तिला आनंदाने ओरडून सांगितलं.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार मराठीत बोलायचा, न्यायाधीश साहेब त्याचं वाक्य बांधून सांगायचे आणि मी ते उतरवायचे. उत्तराआधी तो किती वेळ गप्प राहिला, कुठल्या शब्दाशी त्याचा गळा दाटला, हे कागदावर येत नसे. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहिण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती. दिवसाच्या खटल्यांनी भरलेल्या बोर्डात तो शेरा क्वचितच पडे. म्हणून मंडेलांच्या त्या खटल्याचा, रिव्होनिया खटल्याचा, आवाज उरला आहे, याचं मला फार मोल वाटतं.

लोकमान्यांचा नाही उरला. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर टिळक स्वतःच्या बचावासाठी एकवीस तासांहून अधिक बोलले. न. चिं. केळकरांनी खटल्याचा शब्दशः वृत्तांत छापला, म्हणून आपण ते वाचू शकतो. टिळकांचे शेवटचे उद्गार त्याच इमारतीत कोरून लावलेत. भारतात तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्या निघत होत्या, न्यायदालनात मात्र यंत्र पोचलं नव्हतं. ते उद्गार काढताना टिळकांचा स्वर चढला होता की शांत होता, ते आपल्याला कधीच ऐकता येणार नाही.

प्रिटोरियात यंत्र होतं. डिक्टाफोन कंपनीने १९४७ मध्ये आणलेला डिक्टाबेल्ट म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा, बांगडीसारखा जोडलेला पट्टा. सुई त्यात खाच कोरत नाही, दाबून उमटवते. उमटलेलं पुसता येत नाही. चुंबकीय फितीवर जुनं पुसून नवं भरता येतं; इथे ती सोय नाही, आणि न्यायालयाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण. अशा शेकडो पट्ट्यांवर या खटल्याचं दोनशे तासांहून जास्त कामकाज उमटलं. २० एप्रिल १९६४ रोजी मंडेलांनी शपथेवर साक्ष न देता आरोपीच्या पिंजऱ्यातून सुमारे तीन तास केलेलं निवेदनही त्यात आहे. मी ते ऐकलं आहे. संथ, तोललेलं वाचन. घाई कुठेच नाही. टंकलिखित प्रतीत ही संथपणाची ताकद दिसणार नाही.

पण न पुसलं जाणारंही मुकं होतं. पट्टा चपटा करून ठेवला की त्याला घडी पडते, मग दर फेऱ्याला सुई घडीवर आपटते आणि शब्द तुटतो. शिवाय तो वाजवणारी यंत्रं अडगळीत गेली. २००१ च्या सुमारास ब्रिटिश लायब्ररीने मंडेलांच्या निवेदनाचे पट्टे संगणकावर आणले. पुढे फ्रान्सच्या इना या संस्थेने बाकीच्यांचं काम हाती घेतलं. त्यासाठी आँरी शामू यांचं आर्केओफोन वापरलं गेलं. ते मुळात मेणाच्या जुन्या नळकांड्या वाजवण्यासाठी घडवलेलं यंत्र. मला या माणसांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

आपल्याकडे २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत, सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा युक्तिवाद यंत्राकरवी जागच्या जागी लिहून घेतले. स्वागतच आहे. पण दोन वकील एकदम बोलले की यंत्र गोंधळतं, आणि खालच्या न्यायालयात तर पंखा, बाहेरचा पुकारा, कागदांची सळसळ सगळं माइकमध्ये शिरतं. मुद्रण सांभाळणाऱ्याने कानाला हेडफोन लावून यंत्राला काय ऐकू येतंय तेच ऐकत राहायला हवं. दालनात नीट ऐकू आलं म्हणजे मुद्रणात आलं असं नाही. साक्षीदार नुसती मान हलवतो, किंवा हात पसरून ‘एवढ्या अंतरावर’ म्हणतो. त्या क्षणी कामकाज थांबवून ते तोंडाने वदवून घ्यायला हवं. कनिष्ठ कर्मचारी साहेबांना थांबवायला धजत नाही. तसा अधिकार त्याला नियमातच लिहून द्यावा, अशी माझी मागणी आहे.