परगण्याचीं वतनें व रुमालांतील कागद

सरकारचें एखादें खातें मोडलें म्हणजे त्यांतील माणसांचें काय होतें, याचें एक उत्तर आपल्याकडील देशमुख-देशपांड्यांच्या इतिहासांत सांपडतें. जुन्या कागदांचा संग्रह करणारांस तें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

देशमुख हा परगण्याचा मुख्य व देशपांडे हा तेथील लेखक. वसुलास साह्य करणें, हिशेब राखणें, हद्दीच्या तंट्यांत साक्ष देणें हें त्यांचें काम. त्याबद्दल इनाम जमीन व हक्क. १८१८ सालीं पेशवाई संपली. इंग्रजांनीं वसुलाचें काम पगारी मामलेदारांकडे दिलें व या वतनदारांस करण्याजोगें फारसें उरलें नाहीं. परंतु वतन हें वंशपरंपरेचें धन. तें एकाएकीं काढून घेणें कठीण. म्हणून १८६३-६४ च्या सुमारास गॉर्डन यांच्या कमिटीनें तोड काढली: वतनी उत्पन्नाचा कांहीं अंश सरकारनें घ्यावा, बाकीचें वतनदारानें चाकरीवांचून भोगावें. याप्रमाणें काम गेलें, उत्पन्न राहिलें.

कुलकर्ण्यांची चाकरी मात्र पुढेंही बरीच वर्षें चालली. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यांत परगणे व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें रद्द झालीं. त्याचा अंमल १९५१ पासून सुरू झाला.

आतां कागदांविषयीं. वतनदाराची कचेरी म्हणजे त्याचाच वाडा. त्यामुळें सरकारी हिशेब व घरचीं पत्रें एकाच रुमालांत बांधलीं जात. १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हां हक्काचा पुरावा म्हणून सनदांचें मोल फार वाढलें. उत्पन्न कागदावर अवलंबून होतें तोंवर घराण्यानें कागद जिवापाड जपले. वतन संपल्यावर तें कारण राहिलें नाहीं; मोडी वाचणाराही घरांत उरला नाहीं. खात्याच्या मरणापेक्षां त्याच्या दप्तराचें हें दुसरें मरण अधिक शोचनीय होय.

यास्तव संग्राहकांनीं केवळ शिक्क्यांच्या सनदा निवडून घेऊं नयेत. ताळेबंद, झडत्या, जमाबंदीचे कागद हे दिसण्यांत नीरस. पण देशपांडे प्रत्यक्ष काय काम करीत होता हें त्यांवरूनच कळतें. रुमाल सोडण्यापूर्वीं त्यांतील क्रम टिपून ठेवावा, व कागद कोणत्या गांवचा, कोणत्या घराण्यांतला, हें प्रत्येकावर नोंदवावें.